मागील पानावरून पुढे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सेक्टर ३९, चंदीगड येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या समारंभात बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल कार्यकारिणीचा मी ऋणी आहे. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला व्यासपीठाची सवय नसते. आकडा चुकला तर खोडता येतो. बोललेला शब्द खोडता येत नाही. म्हणून जे सांगायचे ते आधी कागदावर उतरवून आणले आहे, आणि माझी सौभाग्यवती पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन बसली आहे. तेव्हा आपण निश्चिंत असावे.

विषय मी मागून घेतला. मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेणारे माझ्याहून अधिकारी वक्ते आज येथे आहेत. मला बोलायचे आहे ते आपल्या मुलानातवंडांच्या शिक्षणाविषयी, आणि त्यातही एका आडवाटेविषयी. व्यापार, वाणिज्य, व्यवस्थापन हे विषय आधी एखाद्या लहान, स्वस्त, जवळच्या महाविद्यालयात शिकायचे आणि मग तेथून विद्यापीठात जायचे, अशी ही वाट आहे. अमेरिकेत तिला ‘कम्युनिटी कॉलेज’ची वाट म्हणतात. आपल्याकडे तिला एकच नाव नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण तिच्यावरून चालत आले आहेत.

हा विषय सुचण्याचे कारण सांगतो. गेल्या कोजागरीला आपण सारे गच्चीवर दूध आटवीत बसलो होतो. आपल्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना कोणीतरी विचारले, “कॅलिफोर्नियातली नात आता काय करते?” ते चटकन म्हणाले, “विद्यापीठात आहे, बिझनेस शिकते.” सर्वांनी माना डोलावल्या. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी, ज्यांना आपण सारे काकू म्हणतो, पेले विसळता विसळता माझ्या पत्नीला हळूच म्हणाल्या, “अजून विद्यापीठात नाही गेली ती. घराजवळच्या लहान कॉलेजात जाते. दोन वर्षांनी जाईल म्हणतात. पण चारचौघांत कसं सांगायचं?”

काकूंचा तो दबलेला आवाज माझ्या मनातून जाईना. मुलगी अभ्यास करते, सुट्टीच्या दिवशी दुकानात काम करून पुस्तकांचा खर्च भागविते, आईवडिलांवर कर्जाचा बोजा पडू देत नाही; आणि तिच्या आजीला हे सांगताना आवाज खाली आणावा लागतो. मी आजोबा-आजींची परवानगी घेतली. नाव न सांगता ही हकीकत सांगा, असे काकूंनीच मला सांगितले. म्हणून आज येथे उभा आहे.

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते पाहू. ‘कम्युनिटी’ हा शब्द चंदीगडकरांना नवा नाही. आपल्या शहरात सेक्टरासेक्टरांत कम्युनिटी सेंटर असते. त्या वस्तीतील कोणाचेही बारसे, कोणाचेही लग्न तेथे होते. पत्रिका उच्चकुलीन आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. कम्युनिटी कॉलेजची मूळ कल्पना अशीच आहे. त्या परिसरातील ज्या कोणाला शिकायचे आहे त्याला दार उघडे.

अशा सार्वजनिक महाविद्यालयांचा प्रारंभ १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी झाला असे मानतात. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे मत असे होते, की पदवीची पहिली दोन वर्षे आणि पुढील दोन वर्षे यांचे स्वरूपच भिन्न आहे. पहिली दोन विद्यार्थ्याच्या गावीच शिकविता आली, तर अनेकांची सोय होईल. जोलिएटच्या पहिल्या वर्गात सहा विद्यार्थी होते. त्यांना त्या काळी ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अकरावी-बारावी येते. तेव्हा घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो, तेथील ही दोन वर्षे बारावीनंतरची, म्हणजे पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन होत. दुसरे महायुद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले.

कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाची एक सर्वंकष योजना आखली. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात जावे, वरच्या तृतीयांशांनी राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठसमूहात जावे, आणि कम्युनिटी कॉलेजचे दार सर्वांसाठी उघडे असावे, अशी ती रचना होती. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तळच्या दारातून आत आलेल्याला दोन वर्षांनी वरच्या मजल्यावर जाण्याचा जिना त्या योजनेने बांधून ठेवला. तेथून जाणारा विद्यार्थी थेट तिसऱ्या वर्षात बसतो, आणि दोन वर्षांनी मिळणाऱ्या पदवीवर नाव विद्यापीठाचे असते.

खर्चाचा हिशेब आपल्याला अधिक कळेल. त्या राज्यातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका ‘युनिट’ला ४६ डॉलर शुल्क पडते, हा दर २०१२ पासून आहे. विद्यापीठात जाण्यासाठी साधारण ६० युनिटे लागतात. म्हणजे दोन वर्षांचे शुल्क २,७६० डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एकाच वर्षाचे शिक्षणशुल्क याच्या कितीतरी पट आहे. मात्र परदेशातून विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याला हा दर लागू नाही; त्याचे शुल्क पुष्कळ अधिक असते. येथून नातवंडांना धाडण्याचा विचार करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

आणि तेथे शिकवितात काय? आपल्या नातीने मला तिच्या विषयांची यादी कळविली. वित्तीय हिशेब, व्यवस्थापकीय हिशेब, सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, थोडे कलनशास्त्र, व्यापारी कायदा, आणि इंग्रजी लेखन. ती यादी वाचताना मला माझे बी.कॉम.चे दिवस आठवले. जमा आणि नावे यांचा नियम विद्यापीठात वेगळा आणि लहान कॉलेजात वेगळा नसतो. तेरीज जुळत नसेल तर ती दोन्हीकडे जुळत नाही.

बंधुभगिनींनो, इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की हे फार सोपे आणि स्वस्त आहे. तसे असते तर मला भाषण करण्याचे कारण नव्हते. ताळेबंदाला दोन बाजू असतात, आणि दुसरी बाजू दडवून ठेवणे हा आमच्या धंद्यात गुन्हा समजला जातो.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येची इच्छा पुढे पदवी मिळविण्याची असते. प्रत्यक्षात विद्यापीठापर्यंत पोहोचतात ते सुमारे एक-तृतीयांश, आणि सहा वर्षांत पदवी हाती घेतात ते शंभरातले सुमारे सोळा. २०१७ साली तेथील केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने एक अहवाल काढला. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांची मिळविलेली श्रेये सरासरीने किती बुडतात, याचा अंदाज त्यात शेकडा ४३ असा दिला होता. या सरासरीत सर्व प्रकारची स्थलांतरे आली. सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात जाणाऱ्यांचे नुकसान त्याहून कमी असते, परंतु तेही थोडे नसते.

हे का होते? मुले मंद असतात म्हणून? नाही. कारणे साधी आहेत. कोणी नोकरीत गुंतून पडतो. कोणी गणिताच्या विषयापाशी अडतो. पण पुष्कळांचे असे होते, की जो विषय शिकले तो पुढच्या विद्यापीठाला नको असतो. वाणिज्य-व्यवस्थापनात तर हा धोका विशेष आहे. विपणन, कर्मचारी-व्यवस्थापन अशी आकर्षक नावे पाहून विद्यार्थी पहिल्या दोन वर्षांतच ते विषय घेतो. विद्यापीठ मात्र ते विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे मानते, आणि अनेकदा त्यांची श्रेये केवळ ऐच्छिक म्हणून जमा करून घेते. आकडा भरतो, पण गरजेचा विषय राहूनच जातो. शिवाय विद्यापीठात प्रवेश मिळणे आणि तेथील व्यवस्थापन शाखेत प्रवेश मिळणे या काही ठिकाणी दोन निराळ्या गोष्टी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी शिक्षण देणाऱ्या नऊ परिसरांपैकी सहा परिसर कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठराविक अटींवर प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत. हमी देणाऱ्यांतही विषयागणिक अटी बदलतात.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याला ही वाट परकी वाटते, याचे मला आश्चर्य वाटते. कारण जरा मागे वळून पाहिले तर आपल्या घराण्यांत पूर्वी कोणी ना कोणी अशाच पायऱ्या चढून आलेला सापडतो.

मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. वाणिज्यासाठी स्वतंत्र महाविद्यालय असावे ही कल्पनाच तेव्हा नवी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि वर्ग सकाळी भरविले, ते दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणाला शिकता यावे म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग साताऱ्यात रुजविला. माझ्या गावाकडच्या कितीतरी मुलांनी दिवसाचे काही तास शेतात किंवा बांधकामावर श्रम करून पदवी घेतली. त्यांच्या पदवीपत्रावर त्या श्रमाची नोंद नाही, परंतु त्यांच्या हातांवर होती.

ज्या भूमीवर आपण राहतो तिचाही इतिहास पाहा. फाळणीने पंजाब विद्यापीठ लाहोरपासून तुटले. निर्वासित होऊन दिल्लीत आलेल्या तरुणांसाठी या विद्यापीठाने तेथे ‘कॅम्प कॉलेज’ चालविले. दिवसभर नोकरी करून ती मुले संध्याकाळी वर्गात बसत. घर गेले होते, शिक्षण अर्धे राहिले होते. ते जेथे तुटले तेथून पुढे जोडून देणे, हे त्या विद्यापीठाने कर्तव्य मानले. पुढे १९७१ मध्ये चंदीगड येथे याच विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. आपल्या मंडळातील कितीतरी भगिनींनी घरचे सगळे सांभाळून, टपालाने येणारी पाठांची पाकिटे स्वयंपाकघरात वाचून पदव्या मिळविल्या आहेत. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीच्या वाटेला लागता येईल अशी सोय त्याने केली.

तंत्रशिक्षणात तर हा जिना आपण केव्हाच बांधला. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका करायची आणि मग अभियांत्रिकीला ‘डायरेक्ट सेकंड इयर’ला जायचे, हे महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला पाठ आहे. तेथे कोणी आवाज खाली आणीत नाही. वाणिज्याच्या मुलांसाठी मात्र असा जिना दीर्घकाळ नव्हता, आणि नसलेल्या जिन्यावर पाय ठेवणाऱ्याचे काय होते ते मी पाहिले आहे. किंबहुना तो पाय मीच ठेवायला लावला होता. आजच्या भाषणातला हा भाग सांगणे मला जड जाते. परंतु तो टाळला, तर बाकीचे सारे बोलणे पोकळ ठरेल.

गोष्ट १९९४ च्या जून महिन्यातील. माझे एक स्नेही, मूळचे विदर्भातले, येथे एका कार्यालयात होते. त्यांच्या मुलाला बारावीला ४७ टक्के गुण पडले. चांगल्या महाविद्यालयांची दारे बंद झाली. बापलेक माझ्याकडे आले. हिशेबखात्यातला माणूस, बी.कॉम. झालेला, म्हणून माझ्या शब्दाला वजन होते. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “अमुक एका खाजगी संस्थेत दोन वर्षांची व्यवस्थापनाची पदविका आहे. ती करून घे. मग अभियांत्रिकीच्या मुलांसारखा थेट बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला जाशील.” असा नियम मी कोठे वाचला होता? कोठेही नाही. मला तसे वाटले होते, एवढेच. विद्यापीठाचे कार्यालय सेक्टर १४ मध्ये, सायकलीवरून जाण्याच्या अंतरावर. एक अर्धा दिवस रजा टाकून मी विचारून आलो नाही.

माझ्या स्नेह्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन फी भरली. मुलाने मन लावून अभ्यास केला. दोन वर्षांनी पदविका घेऊन तो विद्यापीठाच्या खिडकीपाशी गेला, तेव्हा तेथील कारकुनाने कागद उलटसुलट पाहून परत दिला. ती संस्था विद्यापीठाशी संलग्न नव्हती, आणि तिच्या पदविकेला मान्यता नव्हती. त्याचे सोबती तिसऱ्या वर्षात गेले असताना त्याला पत्रद्वारा अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागला.

त्या संध्याकाळी तो माझ्या घरी आला. मला वाटले, रागावेल. रागावला असता तर मला हलके वाटले असते. तो म्हणाला, “काका, चूक माझीच. मी आधी विचारायला हवं होतं.” अठराव्या वर्षी जो प्रश्न त्याला सुचला नाही, तो चाळिशीला आलेल्या मला सुचायला हवा होता. पण त्या क्षणी माझ्या तोंडून तेवढेही निघाले नाही. त्याला चहा दिला, आणि तो गेला.

आज तो हिमाचलच्या सीमेवरील एका कारखान्यात लेखाधिकारी आहे. मध्यंतरी मी त्याला विचारले, तेव्हा म्हणाला, “काका, पदविकेत शिकलेली खतावणी मला जन्मभर पुरली.” खरे आहे, विद्या बुडाली नाही. पण वर्षे बुडाली, आणि त्याच्या वडिलांचे पैसे बुडाले. पंधरा वर्षांपूर्वी ते वारले. दर दिवाळीला त्यांच्या घरून माझ्याकडे अनारसे येतात. ते डबे मी आजवर हलक्या मनाने उघडू शकलेलो नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो, आणि तीच आज आपल्यासमोर मांडतो. आम्ही जुने हिशेबनीस वहीचे पान भरले की तळाशी बेरीज मारीत असू, आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून तोच आकडा पुन्हा मांडीत असू. त्या एका ओळीवर सगळी वही उभी असते. मागील पान कितीही सुवाच्य लिहिले असले, तरी नव्या पानावर त्याची बेरीज कोणी मांडून घेतली नाही, तर ते पान नसल्यासारखेच. दोन टप्प्यांच्या शिक्षणाचे मर्म नेमके येथे आहे. पहिला टप्पा लहान संस्थेत झाला की मोठ्या, याने काही बिघडत नाही. त्याची बेरीज दुसऱ्या पानावर मांडली जाणार आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. आणि ते पहिल्या पानाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी विचारायचे असते.

गेल्या काही वर्षांत आपल्या देशातही या दृष्टीने हालचाल झाली आहे. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणि पाठोपाठ मद्रासच्या संस्थांनी कम्युनिटी कॉलेजची कल्पना आपल्याकडे आणली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये अशा महाविद्यालयांसाठी योजना काढली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी, अशा पायऱ्या सुचविल्या. २०२१ मध्ये ‘श्रेयांक पेढी’चे नियम आले. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक बँकेतील ठेवीसारखे त्याच्या खात्यात राहतात, आणि दुसऱ्या संस्थेत जाताना ते सोबत नेता येतात, अशी ही व्यवस्था आहे.

बदलीच्या नोकरीतल्या आपल्यासारख्या कुटुंबांना यापेक्षा मोठे वरदान कोणते? नागपूरहून चंदीगडला, चंदीगडहून गुवाहाटीला जाताना मुलाचे वर्ष बुडू नये, म्हणून आपल्यातल्या कितीतरी आया मुलांना घेऊन मागे राहिल्या, आणि वडील खानावळीत जेवले. पण पेढी म्हटली तरी एक सावधगिरी हवीच. खात्यात ठेव आहे म्हणून कोणतेही दुकान आपल्याला हवी ती वस्तू देईलच असे नाही. खात्यातील श्रेयांक हे जमा झालेल्या अभ्यासाचा पुरावा होत. नव्या विद्यापीठात जागा आहे का, आणि त्या अभ्यासाला ते समकक्ष मानते का, हे त्या विद्यापीठालाच विचारावे लागते.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी. मुलाला लहान महाविद्यालयात घालण्यापूर्वी पुढील विद्यापीठ कोणते, हे निदान दोन नावांनी ठरवा. त्या विद्यापीठाकडून, मधल्या कोणाकडून नव्हे, विचारून घ्या की या संस्थेचे कोणते विषय तुम्ही मान्य करता, किती गुणांवर, आणि कोणत्या वर्षात बसविता. उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तराला वहीत जागा नसते. विषयांचा सविस्तर अभ्यासक्रम, गुणपत्रके, पावत्या एका फायलीत जपून ठेवा; पुढील संस्था बहुधा अभ्यासक्रमाची प्रत मागते. गणित आणि संख्याशास्त्र शेवटच्या सहामाहीवर ढकलू नका. आणि दर सहामाहीला नियम पुन्हा पाहा, कारण नियम बदलतात. हे सारे करायला फार तर दोन दिवस लागतात. ते दोन दिवस मी १९९४ मध्ये दिले असते, तर एका मुलाची दोन वर्षे वाचली असती.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो काकूंच्या आवाजाचा.

माझे लग्न ठरत होते तेव्हा माझ्या वडिलांनी पत्रात लिहिले, ‘मुलगा बी.कॉम., मुंबई.’ मुलगा सकाळी साडेसहाला कॉलेजात जाई आणि दहानंतर एका गुदामात मालाची नोंद करी, हे त्यांनी लिहिले नाही. मीही अनेक वर्षे ते सांगत नसे. मला लाज नेमकी कशाची वाटत होती, हे आज आठवू गेलो तर हाती काहीच लागत नाही. उलट, त्या गुदामात मालाचा हिशेब जसा समजला तसा कोणत्याही पुस्तकातून समजला नाही. पण मी ते दडवले, आणि त्याचा एक परिणाम झाला. माझ्या स्नेह्याच्या मुलाला त्या दिवशी खोट्या माहितीऐवजी माझ्या स्वतःच्या वाटेची खरी हकीकत सांगितली असती, तर ‘नोकरी कर, आणि पहिल्या वर्षापासूनच पत्रद्वारा शीक’ हे मला सुचले असते. जी वाट आपण दडवतो ती पुढच्याला दाखविता येत नाही. दडवण्याचा तोटा केवळ आपल्या मनाला होत नाही. तो आपल्यामागून येणाऱ्याला होतो.

या सेक्टर ३९ मध्ये आपण वर्षानुवर्षे राहतो. येथील वॉटरवर्क्सच्या कुंपणावरून रोज फिरायला जातो. भाक्रा कालव्याचे पाणी कजौलीहून उचलून येथे आणतात. ते येथे थांबते, निवळते, शुद्ध होते, आणि मग शहराच्या घराघरांत जाते. पाणी येथे थांबले म्हणून नळाखाली भांडे धरणाऱ्या कोणा गृहिणीने त्याला कमी लेखल्याचे मी ऐकले नाही. मात्र येथून पुढे जाणारा नळ जोडलेला असला पाहिजे. तो जोडलेला आहे की नाही हे पाहणे, हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम.

आपल्या नातीविषयी सांगून संपवितो. विद्यापीठाचा अर्ज ती शरदात भरील, आणि निकाल वसंतात कळेल. तिने आपल्या विषयांची यादी तीन विद्यापीठांच्या नियमांशी ताडून पाहिली आहे. मला पाठविलेल्या तक्त्यात मला एकही चूक सापडली नाही, आणि चुका शोधणे हा माझा जन्माचा धंदा आहे. तिला हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु मागील पान स्वच्छ आहे, बेरीज बरोबर आहे.

काकू, पुढच्या कोजागरीला कोणी विचारले, तर त्या कॉलेजचे नाव पूर्ण आणि मोठ्याने सांगा. आम्ही सारे ऐकायला बसलेलो असू. आपल्यातील ज्या मुलाला यंदा बारावीला ४७ टक्के पडले असतील, तोही कोपऱ्यात बसून ऐकत असेल. त्याच्यासाठी तरी सांगा.